अळीनं पारखलेली शाल

चारठाणा, ता. जिंतूर
(मृग निघाला आहे, एवढं नक्की. तारीख उमादेवीला विचारून मागाहून घालतो.)

चिरंजीव सौभाग्यवती त्रिवेणी हिला अण्णाचे पोटभर आशीर्वाद, आणि शिवकांतरावांना शरणार्थ.

शिवकांतरावांचा गुडघा आता कसा आहे? तेल चोळताना खालून वर चोळायचं, वरून खाली नाही, हे मी त्यांना मागच्या लग्नात मांडवात सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली, पण ती मान गुडघ्यासाठी होती का बुंदीसाठी, ते कळलं नाही. नागेशची पाठ त्या मोटारसायकलनं अजून धरते का? त्याला म्हणावं, मामा सांगतो, गाडीवर नांगर धरल्यासारखं वाकून बसू नये. मंजुषाच्या चष्म्याचा नंबर वाढला असं कानावर आलं; सून गुणाची आहे, तिला अंधारात गहू निवडायला लावत जाऊ नको. तुमची ती कपाळावर पांढरा टिळा असलेली म्हैस व्याली का? व्याली असेल तर रेडकू का पारडी ते कळव. सगळ्यांची विचारपूस झाली. एक माणूस राहिलं, हे मला ठाऊक आहे. ते चुकून राहिलं नाही. तिथपर्यंत यायला जरा धीर गोळा करावा लागतो, म्हणून ते शेवटाला ठेवलं.

आमच्याकडं तसं सगळं खुशाल. उमादेवीची साखर ताब्यात आहे, जीभ नाही. माझी तब्येत सत्तरीला शोभेल अशी. मात्र गेल्या वैशाखात मला खाज सुटली, आणि इथून पुढची सगळी हकिकत त्या खाजेतून निघाली, तेव्हा सावकाश वाच.

झालं असं की दंडावर, पाठीवर, पोटावर बारीक बारीक पुरळ. उमादेवीनं एक नजर टाकली आणि निकाल दिला की घरात ढेकूण झाले. तुला माहीत आहे, आपल्यात काहीही चालतं, ढेकूण चालत नाही. माणसाला दहा रोग असावेत, पण बाजेला ढेकूण म्हणजे सगळ्या खानदानाची इज्जत उन्हात. मग बाज खरोखरच उन्हात निघाली. तिच्यावर कढत पाणी पडलं. गादी, उशा, सतरंजी, मी (मीसुद्धा, मला अंगणात बसवून कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली) असं सगळं बाहेर काढून झालं. एक ढेकूण निघाला नाही. न निघालेल्या ढेकणाची बातमी मात्र बाजारपेठेपर्यंत गेली.

मग एके दिवशी सकाळी, बाजेखालच्या लोखंडी पेटीजवळ, भिंतीला लागून मला जिऱ्याचा एक दाणा दिसला. उमादेवी म्हणाली, फोडणीचं जिरं इथपर्यंत कुणी आणलं? मी म्हणालो, मी नाही. एवढ्यात जिरं चालायला लागलं. मी भिंग आणलं (ज्यानं मी पंचांग वाचतो ते) आणि खाली आडवा झालो. तपकिरी अंग, त्यावर पट्टे, आणि सगळीकडून केस. पुढून निमुळतं, मागून रुंद, जणू जेवून उठलेला सावकार. काडीनं जरासं शिवलं तर शेपटाकडच्या केसांचा झुपका पंख्यासारखा फुलवून उभा केला. जीव जिऱ्याएवढा, रुबाब मोराचा. बाजूला दोन-तीन तशीच, पण आतून पोकळ. अंगरखा काढून ठेवून माणूस निघून जावा तशी.

हे काय, यावर घरात तीन मतं पडली. उमादेवी म्हणाली घुला, अंगावर पडला की खाज सुटते तो केसाळ सुरवंट. शेजारचा आश्रुबा म्हणाला बोंडअळी. (आश्रुबाला तू ओळखतेस, चार एकर कापूस लावतो आणि जगातल्या प्रत्येक दुःखाचं मूळ त्याला बोंडअळीत दिसतं.) तो म्हणाला, "अण्णा, कापूस सोडून ही तुमच्या घरात शिरली, म्हंजे आवंदा कापसाचं काही खरं न्हाई," आणि घरी जाऊन पाठीवर फवारणीचा पंप घेऊन आला. मी नको म्हणत होतो, तो दारात उभा. अर्ध्या तासानं म्हणतो कसा, "मारू का न्हाई ते एकदाचं सांगा अण्णा, पाठ दुखायली." आणि तिसरं मत माझं. चाळीस वर्षं कापड विकलेला माणूस मी. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, ही कसर. कपड्याला लागते ती. पण म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं की मला माहीत असलेली कसर पांढरी असते, गुळगुळीत असते, आणि कपड्यावर जाळं धरते. हिला केस होते आणि जाळ्याचा पत्ता नव्हता. त्रिवेणी, आपल्या धंद्यातल्याच गोष्टीत आपल्याला काही कळत नाही, हे सत्तरीत कळणं बरं नव्हे. मला ते टोचलं.

म्हणून मी परभणीला विद्यापीठात जायचं ठरवलं. अळी न्यायची कशात? आश्रुबानं आपली दोन तोंडांची डबी दिली, एकीकडं तंबाखू, दुसरीकडं चुना. चुन्याचं घर धुऊन पुसून त्यात अळी ठेवली. तंबाखूच्या घरात तंबाखू तशीच राहिली. ही चूक मला जिंतूर ओलांडल्यावर कळली. एस.टी.त शेजारी बसलेल्या इसमाच्या तोंडाला चव नव्हती आणि माझ्या खिशात त्याला डबी दिसली. आपल्याकडं डबी मागितली तर नाही म्हणता येत नाही. पाणी मागणाऱ्याला एकवेळ माणूस विहीर दाखवेल, पण डबी पुढं करावीच लागते. त्यानं तळहातावर तंबाखू घेतली, डबी उलटी केली, दुसरं झाकण उघडलं, नख घालणार तोच थांबला. बराच वेळ आत बघितलं. मग हळूच झाकण लावून डबी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "काका, तुमच्या चुन्याला केस आलेत." पुढं परभणीपर्यंत त्यानं तंबाखू तशीच मुठीत धरून ठेवली होती. मला फार वाईट वाटलं.

विद्यापीठात धम्मशीला नावाच्या बाई आहेत, किड्यामुंग्यांचं शिकवतात. वयानं आपल्या मंजुषाएवढ्या, पण बोलणं शांत. डबी बघून हसल्या नाहीत, हे मी त्यांचे उपकार समजतो. मोठ्या भिंगाखाली अळी ठेवली, मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "काका, ही गालिच्यावरच्या भुंगेऱ्याची अळी." मी म्हणालो, बाई, आमच्या सात पिढ्यांत गालिचा झाला नाही, गालिचा म्हणजे नवरदेव बसतो तो, आणि तोसुद्धा भाड्याचा. त्या म्हणाल्या, तिचं नाव तिनं ठेवलेलं नाही, तिला लोकर, रेशीम, पिसं, केस, मेलेले किडे काहीही चालतं. मग एकेक खूण दाखवली: पट्टे, मागचा रुंदपणा, शेपटाचा झुपका, ती पोकळ अंगरखी म्हणजे टाकलेली कात. तिच्या केसांनीच मला पुरळ उठलेलं. (मी त्यांच्याकडून एका कागदावर "ढेकूण नाही" असं लिहून घेतलं. तो कागद सध्या आमच्या कपाटावर डकवलेला आहे, येणारा-जाणारा वाचतो.) मोठी झाली की ती मसुराच्या डाळीएवढा ठिपक्याठिपक्यांचा भुंगेरा होते आणि उजेडाकडं, फुलांकडं जाते, परागकण खाते, कुणाचं काही बिघडवत नाही. मला यात बरीच माणसं दिसली. उमेदीत दुसऱ्याचं वस्त्र कुरतडतात आणि म्हातारपणी फुलं वाहत बसतात. मी दुसरीकडं बघितलं.

मग बाईंनी विचारलं, "काका, घरात खरी लोकर कुठं आहे?" मी हसलो. म्हटलं, बाई, मी कापडवाला आहे, माझ्या घरात काय आहे ते मला पाठ आहे. लोकरीचा धागा नाही. त्या म्हणाल्या, "असेल बघा. पेटीपाशी सापडली म्हणजे ती उगाच नाही आली. एखादं पाखराचं घरटं असेल, नाहीतर लोकर." तुला सांगतो, परतीच्या वाटेवर मी त्यांना मनातल्या मनात जरा शिकाऊ ठरवून टाकलं.

घरटं निघालं. पेटीच्या वर, भिंतीतल्या झरोक्यात चिमणीचं जुनं घरटं, पिसांनी भरलेलं, त्यात ही सगळ्या गोतावळ्यासकट. पाखरू नव्हतं, म्हणून ते काढलं. मी उमादेवीला म्हणालो, बघ, लोकर नव्हतीच. उमादेवी म्हणाली, आता हात लागलाच हाय तर पेटीबी बघा.

त्या पेटीत काय आहे ते तुला माहीत नसेल, कारण नऊ वर्षांत तू आमच्या आतल्या खोलीत आली नाहीस. पेटीत शाली आहेत. एकेचाळीस. आता मी काही एकेचाळीस वेळा सत्कार करण्यासारखा माणूस नाही. पण लग्न असो, वास्तू असो, शाळेचा झेंडा असो, पुढच्या खुर्चीवर एक म्हातारा लागतो आणि त्याच्या खांद्यावर एक शाल लागते. गंमत अशी की गावातली प्रत्येक शाल माझ्याच दुकानातून जायची. सकाळी गोपाळ सरपंच येऊन शाल घेऊन जायचा, मी घडी घालून द्यायचो, आणि दुपारी तीच शाल माझ्याच खांद्यावर. शालीची आणि माझी ओळख इतकी की कधी कधी ती अंगावर पडताना मला लाज वाटायची. तर त्या एकेचाळीस शाली मी एकेक करून उन्हात झटकल्या. काठ चमचमीत, रंग नवरीसारखा, भोक एक नाही. अळ्यांनी ढुंकून बघितलं नव्हतं. सगळा माल यंत्राचा, नळीतून निघालेल्या बनावटी धाग्याचा. मी विकलेला.

तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, बेचाळिसावी होती. मातकट रंगाची, हाताला जाडीभरडी. घडी उघडली तर आत त्या अंगरख्या सांडल्या, पसाभर. आणि भोकं. बारीक बारीक, चाळणीसारखी, चांदण्यासारखी. मी उन्हात उभा राहून ती डोळ्यांसमोर धरली तर पलीकडचा आपला मारुतीचा पार दिसायचा, तुकड्यातुकड्यानं.

ती तुझी शाल होती, त्रिवेणी.

पुढचं तुला माहीत आहे. तरी मी ते माझ्या हातानं लिहिलं पाहिजे. माझी एकसष्टी. तू आणि शिवकांतराव केदारनाथाहून नुकते आलेले. तिथून, त्या थंडीत, तू पाठीवर बांधून माझ्यासाठी ही शाल आणलीस. ऐंशी माणसं जेवायला बसलेली. मी दोन बोटांनी चिमूट घेतली (सगळं गाव म्हणायचं, शिवरुद्र अण्णाची चिमूट म्हणजे सोनाराची कसोटी) आणि मोठ्यानं म्हणालो, "त्रिवेणे, पहाडातल्या लोकांनी तुला गंडवलं गं. ही तर प्लास्टिक हाय." ऐंशी माणसं हसली. तूसुद्धा हसलीस. मग म्हणालीस, "असू दे अण्णा. माझ्या हाताला ऊब लागली, म्हणून घेतली." आणि पंगतीत जाऊन वाढायला लागलीस. मी तेव्हाच गप्प बसायला पाहिजे होतं. पण चाललेला विनोद दुकानदाराला सोडवत नाही. पुढं दोन-तीन वर्षं गिऱ्हाईक आलं की मी सांगायचो, आमच्या बहिणीनं केदारनाथाहून प्लास्टिक आणलं. ते तुझ्या पिंगळीपर्यंत पोचायला एस.टी. लागत नाही.

तेव्हापासून तू मयतीला येतेस, लग्नाला येतेस, ओट्यावर बसून अर्धा कप चहा घेतेस आणि दिवसाच्या दिवशी परततेस. पंचमीला आली नाहीस. नऊ पंचम्या. झाडाला झोका बांधला जातो, दुसऱ्यांच्या बहिणी त्यावर बसतात, आणि उमादेवी मला ऐकू जाईल अशा आवाजात दुसऱ्या कुणाशी तरी बोलते.

मी लगेच मान तुकवली असं समजू नको. माणूस एवढ्या सहज सुधारत नाही. मी म्हणालो, अळी चुकली असेल. म्हणून दोन परीक्षा घेतल्या. पहिली आपल्या बाबांची. आठवतं, गिऱ्हाईकाला शंका आली की बाबा एक धागा काढून काडी लावायचे? मी सत्कारातल्या शालीचा धागा जाळला. तो वितळून त्याचा काळा मणी झाला, दगडासारखा. मग तुझ्या शालीचा जाळला. सगळ्या घरात केस जळाल्याचा वास. उमादेवी स्वयंपाकघरातून पळत आली आणि आधी माझ्या मिशा बघितल्या. राख चिमटीत धरली, तिची भुकटी झाली. दुसरी परीक्षा अळीची. एक काचेची बाटली घेऊन तिच्यात बेचाळीस शालींचे बेचाळीस धागे गोल मांडले, मधे अळी सोडली, आणि भिंग घेऊन बसलो. आठ दिवस. अळी एकेचाळीस धाग्यांवरून चालत गेली, जसा मी माझ्याच सत्कारांवरून चालत गेलो असतो, आणि बेचाळिसाव्यापाशी थांबली.

तेव्हा मी बाटली खाली ठेवली. बाबांच्या चिमटीत लोकर, रेशीम, खादी सगळं बोलायचं. माझ्या चिमटीत वीस वर्षं नुसता गुळगुळीत माल गेला, आणि बोटं आंधळी झाली. पण बोटं आंधळी झाली असं कुठं वाटतं, आपल्याला वाटतं कापडच खोटं आलं. ऐंशी डोळस माणसांना आणि एका कापडवाल्याला जे कळलं नाही, ते जिऱ्याएवढ्या जिवाला पहिल्या घासात कळलं. ज्याला खरंच गरज असते त्याला खरं ओळखता येतं, एवढंच असेल. तुझ्या हाताला ऊब लागली होती. तू तेवढं म्हणालीस. तेवढी परीक्षा पुरेशी होती.

शाल झटकली, चार दिवस कडक उन्हात ठेवली, ब्रशनं घड्या साफ केल्या, पेटी आतून पुसली. आता ती कपाटात वर, वेगळी, स्वच्छ धोतरात बांधून आहे. अळ्यांचा बंदोबस्त झाला. हा खुलासा तुला कळवावा, एवढ्यासाठीच हे पत्र. दुसरं काही काम नव्हतं.

तुझा,
अण्णा (शिवरुद्र)

ता. क. परभणीला मी एकदाच गेलो असं वर लिहिल्यासारखं वाटेल. तसं नाही. नंतर, परीक्षा झाल्यावर, मी आणखी एकदा परभणीला गेलो, शाल पिशवीत घेऊन. तिथून पॅसेंजरनं पिंगळीला उतरलो. मंजुषानं तुला सांगितलं असेल की स्टेशनच्या बाकड्यावर अण्णामामांसारखं दिसणारं कुणीतरी बसलं होतं. तो मीच. तिनं हाक मारली तेव्हा मी दस्ती तोंडावर घेऊन शिंकल्याचं नाटक केलं. तुझं घर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि मी आलेल्या पॅसेंजरची उलटी पॅसेंजर येईपर्यंत तिथं बसून राहिलो. तिला म्हणावं, तुझे डोळे ठीक आहेत, नंबर वाढवायची गरज नाही.

आणखी ता. क. बोटं आंधळी झाली वगैरे मी वर बरंच लांबवून लिहिलं आहे. वाचायला बरं वाटतं, आणि दुसऱ्या बऱ्याच कापडांच्या बाबतीत ते खरंही असेल. पण त्या दिवशी शाल प्लास्टिकच्या पिशवीत होती आणि मी पिशवी उघडलीच नव्हती. मी चिमूट पिशवीची घेतली. हे आजपर्यंत उमादेवीलाही सांगितलं नव्हतं.

शेवटचा ता. क. बाबांनी आपल्या दोघांत रफू फक्त तुला शिकवलं. मला गल्ल्यावर बसवलं, तुला सुई दिली; आज कळतं, चांगली वस्तू कुणाला मिळाली. ही भोकं जिंतूरचा रफूवाला भरतो म्हणाला, मी नको म्हणालो. शाल मी पार्सलनं धाडणार नाही. पंचमीला ये, आतल्या खोलीत बस, आणि भर. चार दिवस लागतील. भोकं पुष्कळ आहेत. झोका मी दोन हातांनी ओढून बघितला, फांदी पक्की आहे. आणि ज्या माणसाची विचारपूस राहिली होती ते: त्रिवेणी, तू कशी आहेस?

(वन्सं, खालचं मी लिहिते, उमादेवी. ह्यांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. बारीक भोकं अळीची हायत, ते खरं. पण मधोमध तळहाताएवढं एक चौकोनी भोक हाय, ते अळीचं न्हाई. ते ह्यांनी कात्रीनं कापलंय. ती बाटलीतली अळी जित्ती हाय, तिला नाव ठेवलंय, आणि रोज तुमच्या शालीचा घास घालायलेत. म्हणतात, तिनं माझे डोळे उघडले, तिला उपाशी कसं मारू? तुमी लवकर या, न्हाईतर रफू करायला शालच राहणार न्हाई. शाल तुमी आणल्याली, पण ती पिशवीतून मीच काढली होती, ते त्याच दिवशी. आणि हात लावल्याबरोबर मला कळलं होतं. ह्यांना सांगितलं न्हाई, कारण तेव्हा ह्यांना कुणी काही सांगू शकत नव्हतं.)

वरचं मी आत्ता वाचलं. खोडणार होतो, पण खरं आहे. चौकोन मोठा झाला आहे, त्याचं मला माफ कर. बाकीच्याचंही, जमलं तर. फोन करू नको. फोनवर तू "बरं, बरं" म्हणतेस आणि ठेवून देतेस, आणि मग मी ते "बरं" घेऊन दिवसभर बसतो. दोन ओळी लिही, आणि लवकर लिही, कारण उमादेवीला पुरणाची डाळ किती घालायची ते विचारायचं आहे, आणि अळीनंही आता अंग आखडून घेतलं आहे. बाई म्हणाल्या होत्या तसा तिचा भुंगेरा व्हायला लागला असेल. झाला की मी खिडकी उघडणार आहे. ती फुलांकडं जायच्या आत तुझं उत्तर यावं.